पथारीवरची मिरची कोणाच्या अंगाला झोंबते?

प्रश्न : नंदुरबारच्या मिरची पथारीवर, म्हणजे मिरची पसरून वाळवण्याच्या मोकळ्या जागेवर, मजुरी करणाऱ्या एका तरुण आईची कथा मी लिहिली आहे. ती मार्गशीर्षात घडते. वातावरण उभे राहत नाही, असे वाचणाऱ्यांनी सांगितल्यामुळे मी लालभडक रंग, झणझणीत वास, रणरणते ऊन हे सारे त्यात घातले. तरीही कथा कोरडीच वाटते. काय चुकते आहे?
— एक वाचक, जिल्हा नंदुरबार

उत्तर : आपण घातलेली विशेषणे आपल्या नायिकेची नाहीत, ती रस्त्याने जाताना ठसका लागून नाकाला रुमाल लावणाऱ्या पाहुण्याची आहेत. एकच वास सतत येत राहिला, की नाक त्याची दखल घेणे सोडून देते, त्यामुळे महिनाभर देठ खुडणाऱ्या बाईला मिरचीचा वास वेगळा असा जाणवतच नाही.

तिला जाणवतात ती स्वतःची बोटे. मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य उष्णता आणि वेदना ओळखणाऱ्या चेतातंतूंनाच चेतवते, म्हणून तिखटपणा ही खरे तर चव नसून आग आहे. शिवाय ते तेलात विरघळते, पाण्यात जवळजवळ नाही, आणि म्हणून संध्याकाळी हात कितीही खळखळून धुतले तरी नखांच्या कडांशी ती आग राहतेच. आता ती घरी येते, तान्हे मूल तिच्याकडे झेपावते, ती त्याला बोटे लांब धरून नुसत्या मनगटांनी उचलते आणि सासूने ओतलेले तेल तळव्यांना चोळून, हात पुन्हा धुऊन होईपर्यंत त्याच्या गालाला स्पर्श करत नाही. एवढे लिहिलेत, तर ‘झणझणीत’ हा शब्द आपण निःशंकपणे खोडू शकता.

रणरणते ऊन मात्र आजच काढून टाका. पथारीचा हंगाम ऐन भरात येतो तो हिवाळ्यात, आणि मार्गशीर्षातल्या सकाळी दवाने ओलसर झालेली मिरची हाताला गार आणि चिवट लागते. पुढे ती वाळत जाते तसे आतले बी सुटते, आणि मूठभर मिरची उचलून हलवली की खुळखुळते. माल वाळला की नाही, हे आपल्या नायिकेला न पाहताही त्या आवाजावरून कळत असणार. तो आवाज आपल्या कथेत अजून कुठेच नाही. पुढचा खर्डा तिथूनच सुरू करून पाहावा.