जुन्या टीव्ही गेमचे रिमोट बिघडलेत. नवे घेऊ की तेच दुरुस्त करू?

मालवणच्या घरी माळा आवरताना ९ पिनांचा टीव्ही गेम सापडला. गेम लागतो, पण एका रिमोटची बटणं लागतच नाहीत, दुसऱ्याची आपोआप लागतात. गणपतीत पोरं यायच्या आत काय करावं, आणि टर्बोची (दाबून धरली की भराभर आपोआप लागणारी) बटणं बंद करता येतात का, असं तुम्ही विचारलंय.

आपोआप लागणारा रिमोट फेकू नका, तो बहुतेक जिवंत आहे. नवा घ्यायचाच असेल तर त्याआधी एक गोष्ट वाचा, कारण ‘कुठलाही ९ पिनांचा घ्या, बसतोय ना’ हा सल्ला गावोगाव मिळतो आणि त्याने यंत्रं मरतात.

आपल्याकडचे हे गेम जपानच्या निन्टेन्डोने १९८३ साली काढलेल्या फॅमिकॉम या यंत्राच्या नकला. मूळ फॅमिकॉमचे रिमोट यंत्रालाच कायमचे जोडलेले होते. ९ पिनांचं सॉकेट नक्कल करणाऱ्यांनी घातलं, आणि ते आधीपासून अटारी आणि सेगा या गेम कंपन्या वापरत होत्या. आकार तोच, पिनांची कामं वेगळी. बहुतेक नकलांमध्ये २ वर डेटा (बटणांची खबर), ३ वर लॅच (बटणांची स्थिती पकडायचा इशारा), ४ वर क्लॉक (एकेक बटण वाचायचा ठोका), ६ वर ५ व्होल्ट आणि ८ वर ग्राउंड असतो. अटारीच्या जॉयस्टिकमध्ये फायरचं बटण ६ आणि ८ याच दोन पिना जोडतं. म्हणजे तुमच्या यंत्राला ती लावून पोराने गोळी मारली, की ५ व्होल्ट थेट ग्राउंडला. आतला ७८०५ (५ व्होल्ट देणारा रेग्युलेटर) स्वतःला सांभाळतो, गेम रीसेट होतो, पण स्वस्त बोर्डावरचा केसासारखा तांब्याचा ट्रॅक तेवढा वाचेलच असं नाही. सेगाच्या मेगाड्राईव्हच्या रिमोटमध्ये खालची दिशा दाबली की २ नंबरची पिन ग्राउंडला जाते. ती इथे डेटाची लाईन, त्यामुळे यंत्राला आठही बटणं एकदम दाबल्यासारखी दिसतात, आणि विकणारा म्हणतो तुमचा गेमच खराब आहे.

म्हणून आधी मल्टिमीटरने मोजा. यंत्र बंद ठेवून एव्ही सॉकेटच्या बाहेरच्या रिंगशी जिचा बीप येतो ती पिन ग्राउंड. मग चालू करून कुठल्या पिनवर ४.८ ते ५.१ व्होल्ट मिळतात ते पाहा. व्होल्टेजच मिळालं नाही तर रिमोटला दोष देऊ नका, आधी अडॅप्टर आणि ७८०५ तपासा.

आता आपोआप लागणाऱ्या बटणांविषयी. प्रत्येक बटणाची लाईन एका रेझिस्टरने ५ व्होल्टला वर ओढून धरलेली असते आणि बटण तिला ग्राउंडला पाडतं. स्वस्त रिमोटमध्ये हा रेझिस्टर मोठा, म्हणजे पकड ढिली. किनाऱ्यावर खारा वारा वर्षानुवर्षं फटींतून आत जातो आणि रिमोटच्या आतल्या सर्किटच्या पट्टीवर मिठाचा थर बसतो. उन्हाळ्यात तो कोरडा असतो, तेव्हा रिमोट बरा चालतो. मृगाचा पाऊस लागला की मीठ हवेतलं पाणी ओढतं, थर ओला होतो आणि दोन ट्रॅकमध्ये करंट गळायची वाट तयार होते. तेवढ्यावर लाईन पडते आणि मारिओ आपल्या मर्जीने उड्या मारायला लागतो. वर ५ व्होल्ट चालूच राहिले तर तांबं खाल्लं जाऊन हिरवी पूड धरते.

यावर मेकॅनिक काय करतात? स्प्रे. तेलकट स्प्रे मारला की मीठ जागच्या जागी राहतं, रबर फुगतं आणि वर धूळ चिकटते. दुसरा पक्ष आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसतो. तेल आणि घाम त्याने जातो, पण मीठ त्यात जवळपास विरघळतच नाही. मीठ पाण्यात विरघळतं, हे सांगायला शाळा पुरे. पण ‘इलेक्ट्रॉनिकला पाणी? वेड लागलंय का?’ असं तीस वर्षं टीव्ही उघडणारे लोकही ऐकवतात, आणि आमच्याकडच्या एका मेकॅनिकांशी माझा हा वाद अजून मिटलेला नाही. पाणी मारत नाही. पाण्यात मीठ असताना करंट चालू ठेवणं मारतं.

तर पट्टी सुटी करा. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर घ्या, विहिरीचं नको. वाटीत पट्टी बुडवून मऊ टूथब्रशने दोन्ही बाजू घासा. पाणी बदलून पुन्हा एकदा. मग लगेच ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपाइलमध्ये बुडवा, म्हणजे ट्रॅकखालचं पाणी निघून येतं. सॅनिटायझर चालणार नाही, त्यात ग्लिसरीन असतं. पंख्याखाली रात्रभर ठेवा. बटणाखालची जागा उघड्या तांब्याची असेल तर खोडरबराने हलकेच चमकवा. काळी कार्बनची छपाई असेल तर खोडरबर लावलात की ती गेलीच.

न लागणाऱ्या बटणांचं दुखणं रबरात असतं. बटणाच्या रबराखालच्या काळ्या टिकलीवर मीटरचे दोन्ही प्रोब ठेवा. काहीशे ओहम आले तर उत्तम, ५ हजारांच्या वर गेले तर ती संपली. त्यावर ॲल्युमिनियमची फॉइल चिकटवायचा घरगुती उपाय आपल्याकडे तरी करू नका: तांबं, ॲल्युमिनियम आणि मध्ये मीठ म्हणजे तिथे सेलच तयार होतो. जुन्या टीव्ही रिमोटच्या रबरातली टिकली पातळ कापून न्यूट्रल सिलिकॉनने लावा. आंबट वासाचं सिलिकॉन नको, ते सुकताना तांबं खातं.

नवा घेताना दिसण्यावर जाऊ नका. दिशेच्या बटणाची डावी-उजवी टोकं एकदम दाबून पाहा. दोन्ही आत गेली तर मध्ये टेकणारी खुंटी आखूड आहे, आणि उजवीकडे पळताना खालची दिशाही लागून मारिओ मध्येच बसेल. पर्याय नसेल तर बाद एटीएम कार्डाची, ०.७६ मिलिमीटर जाडीची, गोल चकती कापून बटणाच्या पोटाला मधोमध चिकटवा. एकाने भागलं नाही तर दुसरी, पण आधी चारही दिशा सुट्या लागतात का ते पाहा.

पट्टीवरचा डांबरी गोळाच (त्याच्या आत रिमोटची चिप असते) मेला असेल तर त्याचं काम ४०२१ हा एकटा आयसी करतो, मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतो. १६ नंबरच्या पिनेला ५ व्होल्ट, ८ आणि ११ ग्राउंडला, ९ लॅच, १० क्लॉक, ३ डेटा. बटणं अशी: ए १ वर, बी १५, सिलेक्ट १४, स्टार्ट १३, वर ४, खाली ५, डावं ६, उजवं ७. प्रत्येक बटणाच्या पिनेवरून १० के (१० हजार ओहम) रेझिस्टर ५ व्होल्टला, बटणाचं दुसरं टोक ग्राउंडला, आणि १६ व ८ मध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर. १० केच का? ४७ के लावलात तर मिठाची ओल पुन्हा त्रास देते, ४.७ के लावलात तर थकलेल्या टिकलीला लाईन पुरती पाडता येत नाही. काम झालं की सोल्डरच्या डागांवर पारदर्शक नेलपॉलिश लावा, बटणांच्या जागा सोडून.

वायर बहुधा रिमोटच्या तोंडाशीच आतून तुटलेली असते. तिथून दोन इंच कापा, पुन्हा डाग द्या. लॅनची कडक एकतारी वायर घालू नका, वाकून वाकून महिन्यात तुटेल.

टर्बोचं सोपं आहे: त्या बटणांखालच्या जागेवर उष्णतेची पिवळी टेप चिकटवा. नको झालं की काढा.

एक राहिलं. सुरुवातीला दिलेले पिन नंबर ९ पिनांच्या सॉकेटचे, आणि तेही सगळ्या नकलांना लागू नाहीत. १५ पिनांचं सॉकेट असेल तर ते विसरा आणि जुन्या रिमोटच्या वायरीवरून माग काढा. वायरींच्या रंगांवर तर मुळीच विसंबू नका. आणि दुकानदाराने ४०२१ ऐवजी ‘तेच आहे’ म्हणून ७४एचसी१६५ पुढे केला तर परत द्या. त्याचा लॅच उलटा चालतो.