लेन्स स्वस्त, पण माउंट कुणाचं?

तुमच्याकडे कॅननची आरएफ माउंटची (माउंट म्हणजे बॉडीला लेन्स जोडायची खाच) फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरची, बॉडी आणि दोन लेन्स आहेत. पक्ष्यांसाठी लांब पल्ल्याची लेन्स हवी आहे. सिग्मा या लेन्स बनवणाऱ्या कंपनीची नवी 150-600 मिमी लेन्स सोनीच्या माउंटमध्ये मिळते, आरएफमध्ये नाही. म्हणून सगळं विकून सोनीकडे जायचं आणि कमी पडेल तेवढी मुदत ठेव मोडायची, असा तुमचा बेत.

माझं उत्तर: नको. ठेवीला तर हातही लावू नका.

सोयीसाठी कॅमेरा कंपनीची लेन्स 100 ची आणि सिग्माची 65 ची धरू. वाचले 35. आता तुमचा सध्याचा संच नवा 200 ला पडला असेल आणि विकताना 120 आले, तर तोच संच दुसऱ्या कंपनीचा उभा करायला पुन्हा 200 लागणार. 35 वाचवायला 80 घालवले! तुमच्या संचाला प्रत्यक्षात काय भाव येतो ते विचारा आणि माझ्या आकड्यांच्या जागी तो घाला. गणित उलटलं, तर मला जरूर कळवा.

माउंटचा मुद्दा मात्र तुम्ही बरोबर ओळखलात. सोनीने 2011 मध्येच आपल्या ई-माउंटची मूलभूत माहिती इतर लेन्स-उत्पादकांना विनाशुल्क दिली. कॅननने 2022 मध्ये पेटंट आणि डिझाइन हक्कांवर बोट ठेवून व्हिल्ट्रॉक्स या लेन्स-उत्पादकाला आरएफ लेन्स थांबवायला लावल्या. 2024 मध्ये सिग्मा आणि तिच्यासारख्याच टॅमरॉनला परवाना दिला, पण तो एपीएस-सी, म्हणजे लहान सेन्सरसाठीच्या, लेन्सपुरता, आणि त्या घोषणेत लांब पल्ल्याची एकही लेन्स नव्हती. उद्या दार उघडेल या आशेवर थांबणं म्हणजे बोनस मिळेल असं धरून हप्ता ठरवणं.

आणि सोनीचं दारही सताड उघडं नाही. त्यांच्या वेगवान बॉडींवर इतर कंपन्यांच्या लेन्सना सेकंदाला 15 फ्रेमची मर्यादा आहे, आणि सोनीचा टेलिकन्व्हर्टर (लेन्सचा पल्ला वाढवणारं जोडभिंग) सिग्मा-टॅमरॉनच्या लेन्सवर बसत नाही. (सेकंदाला 15 फोटो निवडत बसायला तुम्हाला वेळ आहे का, हा वेगळा प्रश्न.)

कॅननकडेही स्वस्त वाटा आहेत. 2021 ची आरएफ 100-400 जेमतेम 635 ग्रॅमची आहे. 2020 ची 600 एफ/11 मात्र मी घेणार नाही: एफपुढचा आकडा मोठा तितका प्रकाश कमी, त्यामुळे 150-600 च्या एफ/6.3 च्या तुलनेत प्रकाश साधारण एक तृतीयांशच मिळतो, आणि पक्षी तर पहाटेच जास्त दिसतात.

माझी पसंती सिग्मा किंवा टॅमरॉनच्या जुन्या, कॅननच्या आधीच्या ईएफ माउंटच्या सेकंड-हँड 150-600 ला. ती कॅननच्या अॅडॅप्टरने, म्हणजे दोन माउंट जोडणाऱ्या कड्याने, तुमच्या बॉडीवर बसते. साध्या अॅडॅप्टरमध्ये काच नसते, त्यामुळे प्रकाशही कमी होत नाही. किमतीतला पहिला उतार आधीच्या मालकाने सोसलेला असतो, म्हणून वर्षभराने विकलीत तरी फार जाणार नाही. चार-सहा महिने दरमहा बाजूला टाकून ती रोख घ्या.

पैसे देण्याआधी लेन्स स्वतःच्याच बॉडीवर लावा. 600 वर नेऊन दूरच्या फांदीवर शटर अर्धवट दाबून धरा. फोकस एका जागी ठरत नसेल, हेलकावे खात असेल, तर फर्मवेअर (लेन्सच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करून दाखवायला सांगा. मग दोन्ही बाजूंची झाकणं काढून आरपार टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसली, तर कितीही स्वस्त असली तरी परत करा.