कात्रीतून वाचणारी पात्रं

प्रिय,

पटकथा वाचली. जुनं घर विकायचं की ठेवायचं, यावरून तीन भावंडांत पडलेली फूट हा पाया पक्का आहे. सोबतच्या चिठ्ठीत म्हटलं आहेस की विविधता यावी म्हणून भाडेकरू दुसऱ्या धर्माचा घेतला आणि धाकटी बहीण कर्णबधिर दाखवली. हेतूबद्दल वाद नाही. पण ही दोघं पडद्यापर्यंत पोचतील असं मला वाटत नाही.

पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट. तुझी पानं 128, आणि रफ कट, म्हणजे संकलनातली पहिली कच्ची जुळणी, बहुधा त्याहून लांबतो. दोन तासांत बसवताना आधी तेच प्रसंग जातात, जे काढल्यावर कथेत भोक पडत नाही. भाडेकरूच्या मुलीच्या वाढदिवसाचा प्रसंग गोड आहे, पण त्याने घराचा प्रश्न तसूभरही हलत नाही. तो जाणार.

म्हणून आधी एक तक्ता कर. प्रत्येक प्रसंगापुढे लिही: यात कोणाला काय हवंय, निर्णय कोण घेतं, आणि अमुक पात्र इथून उचललं तर शेवट बदलतो का. भाडेकरूच्या रकान्यात 'नाही'च येत गेलं, तर तो सध्या नेपथ्याचा भाग आहे असं समज. त्याला घर स्वतःलाच विकत घ्यायचं असू दे. आणि कृपा करून त्याचा सोशिकपणा कमी कर. अल्पसंख्य पात्राला देवमाणूस करणं हासुद्धा त्याला माणूस न मानण्याचाच प्रकार आहे. थोरल्या भावाशी परस्पर ठरवलेला आकडा तो बाकीच्या दोघांपासून लपवतो, एवढं केलंस तरी तो मधल्या अंकाच्या केंद्रस्थानी येईल.

बेकडेल चाचणीवर फार विसंबू नकोस. 1985 च्या एका कॉमिक स्ट्रिपमधून आलेली ती कसोटी इतकंच विचारते की दोन स्त्रिया एकमेकींशी पुरुषाखेरीज कशाबद्दल तरी बोलतात का. तुझ्या दोघी पडद्यांच्या रंगावर दोन वाक्यं बोलून पास होतात.

बहिणीचं काम जास्त आहे. भूमिकेसाठी कर्णबधिर अभिनेत्रीच शोध आणि सांकेतिक भाषेचा सल्लागार पहिल्या खर्ड्यापासून घे, मानधन आणि श्रेयनामावलीत नाव देऊन. शूटिंगच्या आदल्या आठवड्यात बोलावलेला सल्लागार फक्त हातवारे सुधारू शकतो, प्रसंग नाही. 'यात काही आक्षेपार्ह आहे का?' हा प्रश्न निरुपयोगी आहे. 'या खोलीत ती कुठे बसेल?' असं विचार. उत्तर बहुधा असं येईल: सगळ्यांचे चेहरे दिसतील अशी जागा, खिडकीकडे तोंड करून नाही, कारण समोरून उजेड आला की बोलणाऱ्यांचे चेहरे काळे पडतात.

आता भांडणाचा प्रसंग 41. बाकी सगळे एकदम बोलतात आणि तू बहिणीला गप्प बसवलंयस. खरं तर तिच्या हातून नेमकं काय निसटतंय हे इथेच दाखवता येईल: तिची नजर एकाकडून दुसऱ्याकडे वळेपर्यंत वाक्य संपलेलं असतं. ती उत्तर देते तेव्हा क्लोजअप चालणार नाही. हात फ्रेमबाहेर गेले की संवादच गेला. कमरेपासून वरचा मिड शॉट किंवा दोघं एकाच फ्रेममध्ये दिसतील असा टू शॉट लाव. बोलणाऱ्या पात्राचा आवाज पुढे चालू ठेवून ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जाण्याची संकलकाची नेहमीची युक्ती इथे लागू पडत नाही, म्हणून प्रतिक्रियेची जागा तिच्या वाक्यानंतर सोड. कपडे एकरंगी आणि हातांच्या रंगाहून वेगळे. दुभाषी कॅमेऱ्याशेजारी, तिला दिसेल असा उभा हवा. अशा प्रसंगाला जास्त वेळ धर. सल्लागार संकलनाच्या टेबलाशीही हवा, नाहीतर खूण अर्धवट असतानाच कट पडतो आणि ते संकलकाला कळतही नाही.

बाजारातली गर्दी तू 'लोक ये-जा करतात' एवढ्यावर भागवली आहेस. असं लिहिलं की सहायक दिग्दर्शक हाताशी असलेले ज्युनियर आर्टिस्ट उभे करतो आणि गर्दी एकसारखी दिसते. अभिनेत्री जीना डेव्हिस यांनी 2013 मध्ये सोपा उपाय सुचवला होता: गर्दीतल्या निम्म्या स्त्रिया आहेत हे पटकथेतच लिहा. तू वयं आणि कामंही लिही. खर्च वाढत नाही.

पुढचा खर्डा 115 पानांच्या आत आण आणि तक्ता सोबत जोड. 41 नव्याने लिहून झाला की बाकीच्यांची वाट न पाहता तेवढाच आधी पाठवलास तरी चालेल.

सस्नेह