वाचकांचे प्रश्न : जुन्या इमॅक्सच्या ईएलएन फाइली नव्या आवृत्तीत चालतील का?

प्रश्न : इमॅक्स या मजकूर-संपादकाची २८.१ आवृत्ती काढून २९.१ बसवल्यावर पहिल्याच दिवशी संगणकाचा पंखा बराच वेळ जोरात फिरत राहिला आणि ‘ईएलएन-कॅश’ फोल्डरमध्ये जुन्या फोल्डरशेजारी आणखी एक फोल्डर तयार झाले. जुन्यातील फाइली नव्यात कॉपी केल्या, तर पुन्हा कम्पाइल होण्याचा (मूळ कोडचे चालवण्याजोग्या रूपात रूपांतर होण्याचा) वेळ वाचेल का? तेच फोल्डर दुसऱ्या संगणकावर नेता येईल का?

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे, दुसऱ्याचे ‘क्वचित, आणि तेही जपून’.

इमॅक्समधील कोणतेही पॅकेज (जोडता येणारा जादा प्रोग्रॅम) तीन रूपांत असू शकते. ‘ईएल’ ही लिस्प भाषेतील मूळ फाइल. तिच्यापासून बनणाऱ्या ‘ईएलसी’ फाइलीत बाइटकोड, म्हणजे मूळ भाषा आणि यंत्रभाषा यांच्या मधला कोड, असतो; तो इमॅक्स स्वतःच वाचून चालवत असल्यामुळे प्रोसेसर कोणता आहे याने फरक पडत नाही आणि जुन्या आवृत्तीत बनवलेली ईएलसी नव्या आवृत्तीत बहुतेक वेळा चालते. उलट दिशेने मात्र त्यावर विसंबू नये. २०२२ साली आलेल्या २८.१ या आवृत्तीपासून ‘ईएलएन’ हे तिसरे रूप मिळू लागले. जीसीसी या कम्पायलरच्या लिबजीसीसीजिट या लायब्ररीच्या साहाय्याने थेट यंत्रभाषेत उतरवलेली ही फाइल म्हणजे वस्तुतः एक शेअर्ड लायब्ररीच, म्हणजे चालत्या प्रोग्रॅमला जोडता येणारा यंत्रभाषेतील कोड, असते.

परंतु ही लायब्ररी स्वयंपूर्ण नसते. इमॅक्सच्या गाभ्यात सी भाषेत लिहिलेली जी मूलभूत फंक्शने आहेत, त्यांना ती पदोपदी बोलावते, आणि तेही नावाने नव्हे, तर पत्त्यांच्या एका कोष्टकातील ठरावीक जागेवरून. नव्या आवृत्तीत एखादे फंक्शन वाढले किंवा गळले की कोष्टकातील जागा सरकतात. मग जुन्या फाइलीने एका फंक्शनसाठी हात पुढे करावा आणि हाती भलतेच यावे, अशी गत होईल. यंत्रभाषेत अशा चुकीला सौम्य त्रुटिसंदेश मिळत नाही. सगळा प्रोग्रॅमच कोसळू शकतो.

म्हणूनच इमॅक्सने याचा बंदोबस्त आधीच केलेला आहे. स्वतःचा आवृत्तिक्रमांक, संगणकाचा प्रकार, बिल्ड करताना (मूळ कोडपासून इमॅक्स बनवताना) दिलेले पर्याय आणि मूलभूत फंक्शनांची यादी यांच्यापासून तो आठ अक्षरांचा एक हॅश, म्हणजे या माहितीचा ओळखठसा, काढतो. आपल्याला दिसलेल्या फोल्डरच्या नावात आवृत्तिक्रमांकापुढे जी अगम्य अक्षरे आहेत, ती हीच. हाच हॅश प्रत्येक ईएलएन फाइलीच्या आतही नोंदवलेला असतो आणि फाइल लोड होताना पडताळला जातो, त्यामुळे फाइल कॉपी करून किंवा फोल्डरचे नाव बदलून इमॅक्सला फसवता येत नाही. एकच २९.१ आवृत्ती वेगळ्या पर्यायांनी बिल्ड केली, तरी तिचे फोल्डर वेगळे होते, ते याच कारणाने.

दुसऱ्या संगणकाच्या बाबतीत हॅश जुळला, तरी एक धोका उरतो. हॅशला संगणकाचा प्रकार कळतो. आत प्रोसेसरचे नेमके कोणते मॉडेल आहे, हे कळत नाही. आपण कम्पायलरला ‘याच प्रोसेसरच्या खास सूचना वापर’ असे सांगितले असेल, तर ती फाइल जुन्या प्रोसेसरवर मध्येच बंद पडू शकते. शिवाय ईएलएन फाइलीच्या नावात मूळ फाइलीच्या मार्गाचाही हॅश असतो, त्यामुळे दुसऱ्या संगणकावर पॅकेजांचे फोल्डर वेगळ्या ठिकाणी असेल, तर नेलेल्या फाइली तशाच पडून राहतील. तेव्हा फक्त ईएल फाइली न्याव्यात आणि बाकीचे त्या संगणकावर सोपवावे. कम्पाइल करण्याचे हे काम पार्श्वभूमीत चालते, तोवर बाइटकोड वापरात असतो, आणि मूळ रचनेत त्यासाठी प्रोसेसरचे सुमारे निम्मेच कोअर गुंतवले जातात. जुने फोल्डर २९.१ मधील ‘नेटिव्ह-कम्पाइल-प्रून-कॅश’ या आज्ञेने काढता येते. मात्र दोन्ही आवृत्त्या वापरात असतील, तर दुसरीला पुन्हा सगळे कम्पाइल करावे लागेल.

प्रश्न : मी इमॅक्सची आवृत्ती बदललेलीच नाही. केवळ एक पॅकेज अद्ययावत केले आणि त्याच्यावर अवलंबून असलेले दुसरे पॅकेज ‘अवैध फंक्शन’ अशी तक्रार करू लागले. हे कसे?

उत्तर : वर वर्णिलेली पडताळणी इमॅक्सची आवृत्ती पाहते, पॅकेजांचे आपसांतील नाते पाहत नाही. मॅक्रो, म्हणजे दुसरा कोड तयार करून देणारा साचा, हा कम्पाइल होतानाच विस्तारून फाइलीत मुरतो. पहिल्या पॅकेजातील मॅक्रो बदलला, तरी दुसऱ्याची ईएल फाइल तीच असल्यामुळे इमॅक्सला ते पुन्हा कम्पाइल करण्याचे कारण दिसत नाही आणि जुना विस्तार ईएलसी व ईएलएन या दोन्ही फाइलींत तसाच राहतो. माझ्या मते ‘आवृत्ती जुळत नाही’ म्हणून होणाऱ्या बऱ्याच तक्रारींच्या मुळाशी हेच असते. तक्रार करणाऱ्या पॅकेजाची ईएलएन फाइल काढून टाकावी, इमॅक्स नव्याने सुरू करावे आणि २९.१ पासून उपलब्ध असलेल्या ‘पॅकेज-रीकम्पाइल’ या आज्ञेने ते पॅकेज पुन्हा कम्पाइल करावे. संपूर्ण कॅश पुसण्याची गरज नाही.