‘कडकपणा’ की ‘ताठरता’?

प्रश्न असा आहे: संमिश्र पदार्थांवरच्या (राळेत काचेचे तंतू किंवा कण घातलेल्या पदार्थांसारख्या) टिपणात ‘स्टिफनेस’ला ‘कडकपणा’, ‘इन्क्लुजन’ला ‘समावेश’ आणि ‘इफेक्टिव्ह स्टिफनेस’ला ‘सरासरी कडकपणा’ लिहिलंय. चालेल का?

तिन्ही बदलावेत. आपल्याकडं ज्वारीची शिळी भाकरी कडक होते आणि वाकवली की मोडते. म्हणजे ‘कडक’मध्ये न वाकणं, टणक असणं, पटकन मोडणं सगळं एकत्र कालवलेलं आहे. वाळलेली तुराटी वाकवायला किती जोर लागतो, ही ताठरता. ती कधी मोडते, ही बळकटी. तिच्यावर नखाचा ओरखडा उठतो का, हे काठिण्य. शंका आली तर आकडा बघा: यंगचा गुणांक, म्हणजे पदार्थाच्या ताठरतेचं माप, गिगापास्कलमध्ये असतो; ब्रिनेल किंवा रॉकवेल ही मापं दिसली की ते काठिण्य. वस्तूची ताठरता आणखी वेगळी. पत्रा दुप्पट जाड केला तर वाकवायला आठपट जड जातो, गुणांक मात्र तोच राहतो.

‘समावेश’ ही क्रिया झाली. यादीत नावाचा समावेश होतो. राळेत काच रुतते, जशा लिंपलेल्या कुडात तुराट्या. म्हणून साधं ‘रुतलेला कण’ किंवा ‘रुतलेला तंतू’ लिहावं. फक्त एशेल्बी या शास्त्रज्ञाच्या १९५७ च्या मांडणीत जपावं लागतं. तिथं ‘इन्क्लुजन’ म्हणजे त्याच पदार्थाचा, पण आकार बदलू पाहणारा भाग. वेगळ्या ताठरतेचा कण असेल तर तो ‘इनहोमोजिनिटी’. त्याला ‘विजातीय कण’ म्हणता येईल.

सगळ्यात घातक शब्द ‘सरासरी’. ‘इफेक्टिव्ह स्टिफनेस’ म्हणजे अख्ख्या मिश्रणाची मिळून दिसणारी ताठरता. इपॉक्सी ही राळ ३ गिगापास्कल, काच ७२, काचेचं प्रमाण आकारमानाने ३० टक्के धरा. सरळ भारित सरासरी २३.७ येते. ही फॉइग्टची वरची मर्यादा, म्हणजे मिश्रणाची ताठरता याच्या वर जात नाही. सलग तंतूंच्या दिशेनं ओढलं तर ती जवळपास खरी ठरते. रॉइसची खालची मर्यादा ४.२, त्याच्या खाली ती येत नाही. गोल कण असतील तर हाल्पिन-त्साई या अंदाजाच्या सूत्रानं साधारण ६ येतात. ‘सरासरी’ वाचणारा पोरगा २३.७ लिहून मोकळा होतो. ‘परिणामी ताठरता’ लिहा.

आणि ‘टक्के’ एकटं सोडू नका, ‘आकारमानाने’ जोडा. काचेची घनता घनसेंटीमीटरला २.५५ ग्रॅम, इपॉक्सीची १.२ धरली, तर वजनाने ३० टक्के काच आकारमानाने जेमतेम १७ टक्के भरते.