‘शनिवारी जमणार नाही’ म्हणणारा मुलगा

प्रश्न : ताई, मी ऐरोलीत राहतो. रबाळ्याच्या एमआयडीसीत एकाच कंपनीत ३२ वर्षं काढून निवृत्त झालो. कामावर कधी खाडा केला नाही. मुलगा २५ वर्षांचा, आयटी पार्कमध्ये नोकरीला. पहिली नोकरी अकरा महिन्यांत सोडली. परवा साहेबांना फोनवर सांगत होता, ‘शनिवारी मला जमणार नाही.’ मी म्हटलं, तुमच्या पिढीला कष्टच नकोत. तेव्हापासून घरात अबोला आहे. माझं चुकलं का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : भाऊ, हो, चुकलं. कसं ते सांगते.

मी १९८३ ते २०१४ ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात होते, त्यातली पहिली बारा वर्षं टाइम ऑफिसात. गेटवरच्या घड्याळात कामगार कार्ड घालायचे, खटकन वेळ उमटायची. वेळेवर आलात तर निळी, उशीर झाला की लाल. महिनाअखेरीला आम्ही त्या कार्डांवरून तास मोजायचो. असंच कार्ड तुम्हीही वापरलं असेल. १९४८च्या कारखाने कायद्यात आठवड्याचे ४८ तास ठरलेले, त्यावर थांबलात तर दुप्पट दरानं पैसे. पाळी सुटताना मशीन बंद पडलं म्हणून कुणी अर्धा तास थांबला, तर तो अर्धा तास आमच्याकडे लिहिला जायचा. लिहायचा राहिला तर दुसऱ्या दिवशी खिडकीशी भांडण ठरलेलं. त्या भांडणाऱ्यांना मी एकदाही आळशी म्हटलं नाही. घामाचा हिशेब मागत होते ते.

तुमच्या मुलाकडे ते कार्ड नाही. माझी भाची घणसोलीहून महापेला कामाला जाते. मे महिन्यात चार दिवस आमच्याकडे होती. रोज रात्री साडेदहाला, ऐन जेवणात तिचा कॉल यायचा, कारण अमेरिकेतल्या ग्राहकाचं ऑफिस तेव्हा चालू असतं. ताट झाकून ती लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत जायची. तिच्यासाठी कापलेल्या आंब्याच्या फोडी बशीत काळ्या पडायच्या. सकाळी नऊला पुन्हा ऑफिसला. त्या रात्रीच्या तासांचा तिला एक रुपया मिळत नाही, ते कुठे लिहिलेही जात नाहीत. तुमचा मुलगा ‘जमणार नाही’ म्हणाला तो कंटाळून, की पाच दिवसांत सहा दिवसांचं काम करून? हे तुम्ही विचारलंच नाहीत.

आणि ‘कष्टच नकोत’ हे वाक्य मी फार पूर्वी ऐकलंय. १९८५च्या सुमाराला आमचे एक वयस्कर फोरमन खिडकीशी येऊन सांगायचे, नवी पोरं भोंग्याच्या पाच मिनिटं आधीच हात धुवायला पळतात, यांना कामाची चाड नाही. ती पोरं म्हणजे तुमच्याच वयाची होती, भाऊ.

नोकरी सोडण्याचं म्हणाल, तर तुम्हाला टिकून राहण्याचं फळ मिळालं. परमनंट झालात, वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराची ग्रॅच्युइटी मिळाली. सगळ्यांचं तसं झालं नाही. वागळे इस्टेट, पोखरण रोडवरचे एकेक कारखाने बंद पडत गेले, आज तिथे टॉवर आणि मॉल आहेत. कार्डावर वर्षानुवर्षं एकही लाल शिक्का नसलेली माणसं मी स्वतः हिशेबाचा चेक देऊन घरी पाठवली आहेत. एकानं विचारलं होतं, ‘बाई, माझं काय चुकलं?’ मला उत्तर देता आलं नाही, आजही देता येत नाही. त्या माणसांची मुलं आज पंचविशी-तिशीत आहेत. कंपनीला आयुष्य वाहायचं नाही, हे ती घरातच शिकली.

एक मात्र मुलाला जरूर विचारा : पहिली नोकरी सोडताना नोटीस पूर्ण भरलीस का, हातातलं काम नीट दुसऱ्याच्या स्वाधीन केलंस का? नसेल केलं, तर तेवढ्यापुरती मी तुमच्या बाजूची.

आता अबोल्याचं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचा खाडा लिहिता ना? त्याच चौकटीत पंधरा दिवस मुलाचे तास लिहा. लॅपटॉप कधी उघडला, कधी मिटला. चोरून नको, त्यालाच विचारून लिहा. बोलायला तेवढं निमित्त पुरेल. पंधरा दिवसांनी दोघं मिळून बेरीज करा आणि आठवड्याला ४८च्या वर किती गेले ते बघा. ओव्हरटाइमचा हिशेब तुम्हाला येतोच, त्यालाही शिकवा.