"माका गणित जमाचा नाय": छत्तिसाव्या वर्षी दहावी

(ही एकाच व्यक्तीची गोष्ट नाही. कोकणातल्या अनेकींच्या अडचणी एकत्र करून ती मांडली आहे.)

"वय ३६. आठवी पास, नववी अर्ध्यावर सुटली. पोस्टात ग्रामीण डाक सेवकाच्या जागा निघतत, त्येका दहावी व्हयी. थोरलो झील औंदा दहावीकच आसा. त्येच्या बाजूच्या बाकार बसलंय तर पोरां हसतली. आणि गणित तर माका जमाचाच नाय. शाळेचो दाखलोय हरवलो."

देवगड तालुक्यातल्या या ताई चार महिने आंब्याच्या पेट्या भरायला जातात, पावसात स्वतःची लावणी करतात. बोलण्यात सगळ्यात मोठी भीती गणिताची होती. अशा ठिकाणी मात्र गणिताआधी एक साधी गोष्ट विचारावी लागते: दहावी कशासाठी हवी आहे? परीक्षा कुठली द्यायची आणि विषय कुठले घ्यायचे, हे त्या उत्तरावर ठरतं.

वाटा दोन. पहिली राज्य मंडळाची, म्हणजे १७ नंबरचा फॉर्म. किमान पाचवी पास आणि वयाची १४ वर्षं पूर्ण असली की खाजगी विद्यार्थी म्हणून बसता येतं. नोंदणी ऑनलाइन करायची आणि कागदपत्रं आपण निवडलेल्या संपर्क केंद्र शाळेत द्यायची. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन्ही जिल्हे कोकण मंडळाकडे येतात. सहा विषय एकदम द्यायचे, पास व्हायला ३५ टक्के. लेखी परीक्षा फेब्रुवारी-मार्चात होते, राहिलेले विषय पावसाळ्यातल्या पुरवणी परीक्षेत. भाषांना लेखी ८० आणि तोंडी वगैरे धरून २० गुण असतात, त्यामुळे संपर्क केंद्रावर फिरकलंच नाही तर ते २० जातात.

दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएस. इथे किमान पाच विषय, त्यात निदान एक भाषा. माध्यम मराठी घेता येतं. प्रवेश पाच वर्षं चालतो आणि तेवढ्यात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला. एका वेळी दोनच विषय दिले तरी चालतात, पास झालेला विषय जमा राहतो. पास व्हायला ३३ टक्के. "ही खरी दहावी न्हय ना?" असं गावात कुणीतरी म्हणतंच. प्रमाणपत्र राज्य मंडळाच्या दहावीच्या तोडीचं आहे, पुढच्या शिक्षणाला आणि नोकरीला चालतं.

फसगत होते ती विषय निवडताना. एनआयओएसमध्ये गणित घ्यायलाच हवं असं नाही, म्हणून फॉर्म भरून देणारा हमखास सुचवतो, "सोपे विषय घ्या, गृहविज्ञान घ्या, गणित नको." प्रमाणपत्र मिळतं, खोटंही नसतं. पण ग्रामीण डाक सेवकासाठी दहावीला गणित आणि इंग्रजी पास लागतं, आणि स्थानिक भाषा दहावीपर्यंत शिकलेली हवी. म्हणजे या ताईंना मराठी, इंग्रजी आणि गणित सोडून चालणारच नव्हतं, उरलेले दोन विषय आवडीचे. शिवाय ती निवड दहावीच्या गुणांवर होते, त्यामुळे काठावर पास होऊन भागत नाही. सर्वसाधारण वयोमर्यादा ४० (प्रवर्गानुसार सवलत असते). हातात पाच वर्षं आहेत म्हणून पाचही वापरायची नाहीत.

आंब्याचा हंगाम बघता एनआयओएस बरं पडलं. एप्रिलची परीक्षा ऐन हापूसात येते, म्हणून त्यांच्यापुरती ती नाहीच असं धरलं. ऑक्टोबरात भातकापणी असते खरी, पण कापणी चार दिवस मागेपुढे करता येते, झाडावर पिकलेला आंबा थांबत नाही. आणि झिलाच्या बाजूचा बाक हा प्रश्न आपोआप मिटला.

आता गणित. वहीवर एक उदाहरण लिहून दिलं: चार डझनी आणि सहा डझनी मिळून ३० पेट्या, आंबे एकूण १४० डझन. मोठ्या पेट्या किती? पेन उचललंच नाही. छताकडे बघून म्हणाल्या, "सगळ्यो चार डझनी धरल्यो तर एकशेवीस. वीस डझन उरले. मोठ्या पेटयेत दोन जास्त, म्हणजे मोठ्यो धा." दोन चलांतलं रेषीय समीकरण तोंडी सुटलं होतं. अडत होतं ते कागदावर उतरवणं. मग तेच वाक्य खालोखाल लिहिलं (क्ष लहान पेट्या, य मोठ्या): क्ष + य = ३०, ४क्ष + ६य = १४०. पहिल्याला ४ ने गुणा, वजा करा, २य = २०, य = १०. नुसत्या उत्तराला पूर्ण गुण मिळत नाहीत, पायऱ्यांना मिळतात. त्यामुळे रोज दोन तोंडी हिशेब पायऱ्यांत लिहायचे, एवढाच पहिल्या महिन्याचा अभ्यास.

कुणाच्या ध्यानात न येणारी अडचण हाताची. वीस वर्षं सहीपलीकडे काही लिहिलेलं नसतं. पेन घट्ट धरलं जातं, पंधराव्या मिनिटाला अंगठा दुखतो, आणि येत असलेला पेपर अर्धा राहतो. पहिल्या आठवड्यात रोज १० मिनिटं नुसतं बघून लिहायचं, दुसऱ्यात २०, महिनाअखेर ४५. परीक्षेआधी तीन तासांचे निदान दोन पेपर घड्याळ लावून. वेळ दुपारी जेवणं आवरल्यावरची, रात्री नऊनंतरचा अभ्यास उशीवरच होतो.

दाखल्यासाठी जुन्या शाळेत अर्ज द्यावा: शाळा सोडल्याचं अंदाजे वर्ष, जन्मतारीख, तेव्हाचं पूर्ण नाव. जनरल रजिस्टरमधल्या नोंदीवरून दुसरी प्रत मिळते, मूळ हरवल्याचं प्रतिज्ञापत्र जवळ ठेवावं. शाळा बंद पडली असेल तर पंचायत समितीच्या शिक्षण विभागात चौकशी करावी. खरा गुंता नावाचा: दाखल्यावर माहेरचं, आधारवर सासरचं. विवाह नोंदणीचा दाखला आधी काढून घ्यावा आणि फॉर्म भरण्यापूर्वीच नाव कुठलं लावायचं ते ठरवावं. गुणपत्रिकेवर छापून आलेलं नाव बदलायला फेऱ्याच फेऱ्या. जन्मतारखेतला एका दिवसाचा फरकसुद्धा याच वेळी मिटवायचा.

पहिल्या ऑक्टोबरला मराठी आणि गृहविज्ञान, दुसऱ्याला इंग्रजी, गणित आणि सामाजिक शास्त्र, असं ठरलं. घरून लिहून द्यायच्या गृहपाठाला, म्हणजे टीएमएला, २० टक्के वजन असतं. ते गणपतीच्या आधी लिहून टाकायचे, कारण चाकरमानी एकदा घरात आले की वही कुठे गेली ते कळत नाही.